नकाशात कोरडं, शेतात पाणी: रडार उपग्रहाला पूर कसा दिसतो

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका भूगोलाच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "२०१९ च्या पुरात ढग हटतच नव्हते, तरी रडार उपग्रहांमुळे पुराचे नकाशे मिळाले असं आम्हाला शिकवलं. मी युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची जुनी प्रतिमा उतरवून तसा नकाशा स्वतः केला. त्यात आमच्या नदीकाठच्या मळीतला ऊस कोरडा आला. तिथे छातीभर पाणी होतं, मी स्वतः पाहिलंय. मग या नकाशांवर विश्वास ठेवायचा का? नासा-इस्रोच्या निसार या रडार उपग्रहाने हे बदलेल का? आणि दरडींचा इशारा तरी रडारकडून मिळेल का?"

तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, आणि नकाशा करताना तुमच्या हातून चूक झाली असेल असंही मला वाटत नाही. तुमच्या मळीवर रडारने दिलेल्या उत्तराचा अर्थ "मला इथे पाणी दिसलं नाही" एवढाच होता. नकाशात रंग भरताना आपण त्याचं "इथे पाणी नाही" करून टाकतो. मी हे काम वीस वर्षांहून जास्त करतोय, आणि या एका फरकामुळे माणसांचं झालेलं नुकसान जवळून बघितलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रडार काय बघतं हे समजायला पावसाळ्यात रात्री घाटातून केलेला एखादा प्रवास आठवा. कोरड्या रस्त्यावर हेडलाइट टाकला की रस्ता उजळतो, कारण खडबडीत डांबर प्रकाश सगळीकडे उधळतं आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत परत येतो. तोच रस्ता ओला झाला की काळाठिक्कर दिसतो. दिवा तेवढाच असतो, पण पाण्याचा गुळगुळीत थर प्रकाश पुढच्या पुढे ढकलून देतो आणि आपल्याकडे काहीच येत नाही. आणि पुढे उसाची ट्रॉली चाललेली असेल, तर तिच्या मागच्या रेडियमच्या पट्ट्या लांबून लखलखतात, कारण त्या आलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत पाठवतात. रडारच्या प्रतिमेतल्या काळ्या, करड्या आणि पांढऱ्या रंगांची मुळाक्षरं एवढीच.

उपग्रह स्वतःची सूक्ष्मलहर खाली तिरकी सोडतो आणि परत आलेला अंश मोजतो. तो सूर्यावर अवलंबून नसल्याने रात्र चालते. ढगातले थेंब लहरीच्या मानाने इतके बारीक असतात की लहर त्यांची दखलच घेत नाही. सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरची, म्हणजे सी-बँडची आहे, म्हणून मुसळधार पावसातूनही ती बहुतेक वेळा निभावून नेते. तीन सेंटिमीटरच्या एक्स-बँड लहरीला मात्र जोरदार सरी बाधतात, त्या प्रतिमांत कधीकधी पावसाचेच डाग उमटतात. "रडार सगळ्यातून आरपार बघतं" हे विधान म्हणूनच मला पसंत नाही. कुठल्या लांबीच्या लहरीचं रडार, हे आधी विचारावं.

एक गोष्ट मला आजही थक्क करते. सेंटिनेल-१ सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून तिरकं बघतो, म्हणजे जमीन त्याच्यापासून साधारण साडेआठशे किलोमीटर लांब असते. त्याचा अँटेना १२.३ मीटर लांबीचा. एवढ्या अँटेनाचा झोत जमिनीवर पोचेपर्यंत जवळजवळ चार किलोमीटर रुंद पसरतो. नुसत्या झोतावर भागवलं असतं तर अख्खं गाव प्रतिमेत एक ठिपका झालं असतं. पण उपग्रह पुढे सरकत असतो. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या गाडीचा भोंगा जसा वेगळा ऐकू येतो, तसा झोतातल्या पुढच्या आणि मागच्या शेताचा प्रतिध्वनी किंचित वेगळ्या वारंवारतेचा असतो. हे सगळे प्रतिध्वनी साठवून, गणिताने जुळवून, जणू कित्येक किलोमीटर लांबीचा अँटेना होता असं काम त्यांच्याकडून करून घेता येतं. कार्ल वायली या अमेरिकी अभियंत्याला ही कल्पना १९५१ मध्ये सुचली. १९७८ मध्ये सीसॅट या उपग्रहाने ती अंतराळातून करून दाखवली. तो १०५ दिवसच चालला, पण त्या १०५ दिवसांनी पुढची सगळी वाट उघडली. या पद्धतीला सार (सिंथेटिक ॲपर्चर रडार) म्हणतात, आणि तिच्यामुळेच तुमच्या प्रतिमेत दहा मीटरचे चौकोन दिसतात.

आता तुमच्या मळीकडे येऊ. परत आलेली शक्ती आपण डेसिबलमध्ये मोजतो. शांत, उघड्या पाण्यावरून सेंटिनेल-१ ला उणे २० ते उणे २४ च्या आसपास आकडा मिळतो. वाढलेल्या उसावरून उणे आठच्या आसपास. पाणी उणे २२ वर असेल, तर चौदा डेसिबलचा हा फरक म्हणजे उसाकडून येणारी शक्ती पाण्याच्या पंचवीसपट. म्हणून पूर काढायची नेहमीची रीत सोपी असते: उणे सतरा-अठराच्या खाली जे आलं ते पाणी म्हणायचं, त्यातून नदीचं नेहमीचं पात्र वजा करायचं, उरलं तो पूर. सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला, पडीक रान, रस्ता यांवर पाणी चढलं की ही रीत चोख चालते, कारण हे सगळं पाण्याखाली गडप होतं आणि वर राहतो तो गुळगुळीत पृष्ठभाग.

ऊस मात्र उंच. ऑगस्टमध्ये आडसाली ऊस वर्षाच्या वर वयाचा असतो, पूर्वहंगामी नऊ-दहा महिन्यांचा, सुरू ऊस सहा-सात महिन्यांचा. आडसालीच्या फडात माणूस शिरला तर बाहेरून दिसत नाही. साडेपाच सेंटिमीटरची लहर वरच्या पानांच्या गर्दीतच अडकते, तिथेच उधळते आणि तिथूनच परत येते. खाली सरीत कोरडी माती आहे, घोटाभर चिखल आहे की छातीभर पाणी आहे, हे तिला कळतच नाही. पुराच्या आधी उणे आठ, पुरात उणे आठ. नकाशा म्हणतो, बदल नाही. पाणी शेंड्याच्या वर गेलं की मग एकदम काळं. म्हणजे त्या नकाशात उसाचं रान एक तर पूर्ण बुडालेलं किंवा पूर्ण कोरडं. मधली अवस्था नाहीच, आणि पुरात बहुतेक रान मधल्याच अवस्थेत असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी अशाच नकाशांच्या कामात होतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. रात्रभर बसून प्रतिमा चाळायच्या, सकाळपर्यंत नकाशा पाठवायचा, असं चाललं होतं. पाणी उतरल्यावर पडताळणीसाठी काठच्या गावांत फिरलो. एका बांधावर उभा होतो. डावीकडे सोयाबीनचं रान कुजून काळं पडलेलं, उजवीकडे ऊस हिरवागार उभा. माझ्या हातातल्या नकाशात डावं रान निळं, उजवं कोरं. उसात दोन पावलं शिरलो आणि थांबलो. प्रत्येक कांडीवर, माझ्या खांद्याच्या जरा वर, गाळाची एक रेघ होती. सुतळी ताणून मारावी इतकी सरळ, फडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघेच्या खाली सगळी पानं मातकट आणि चिकटलेली, वर हिरवी. शेतकऱ्याने एक कांडी वाकवून शेंडा उघडून दाखवला. पुराच्या वेळी कललेल्या उसाच्या पोंग्यात गाळ शिरला होता आणि आतून तो कुजायला लागला होता. तो म्हणाला, "बाहेरनं हिरवा दिसतोय साहेब, पण हा गेलेला ऊस आहे. तुमच्या कागदावर माझं रान कोरडं कसं?"

मी त्याला लहरीची लांबी सांगितली नाही. "कागद चुकलाय" एवढंच म्हणालो, आणि परत येऊन ती पूर्ण पट्टी नकाशात वेगळ्या रंगाने दाखवायला लावली: "ऊस, रडारने तपासता येत नाही." त्यानंतर माझ्या हाताखालून गेलेल्या पुराच्या प्रत्येक नकाशात असा तिसरा रंग आहे. पंचनाम्याला जाणाऱ्या माणसाच्या हातात दोनच रंगांचा नकाशा देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. रडारचा कोरेपणा कुणाच्या भरपाईच्या आड आला, तर तो दोष उपग्रहाचा नसतो, नकाशा करणाऱ्याचा असतो.

याच्या बरोबर उलटी फसगत गावठाणात होते. रडारच्या प्रतिमांची मोजदाद तपासण्यासाठी आम्ही माळावर एक साधन ठेवतो, कोपरा-परावर्तक. मीटरभराचे ॲल्युमिनियमचे तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडायचे, खोलीचा कोपरा उचलून आणल्यासारखे, आणि त्याचं तोंड उपग्रहाच्या दिशेला अंशाअंशाने जुळवायचं. पहिल्यांदा मी तो लावला तेव्हा पहाटे पाचपासून दवात उभा होतो. आपल्याकडे सेंटिनेल-१ ची सकाळची फेरी साडेसहाच्या आसपास होते. वेळ आली आणि गेली. आभाळात काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही, एक टिटवी तेवढी ओरडत होती. नंतर प्रतिमा उघडली, तर करड्या माळाच्या मधोमध लख्ख पांढरा अधिक-चिन्हासारखा ठिपका. मीटरभराचा पत्रा, साडेआठशे किलोमीटरवरून. ट्रॉलीच्या रेडियमचंच हे मोठं भावंड.

घराची भिंत आणि तिच्या पुढचं अंगण मिळून असाच कोपरा होतो, म्हणून गावं आणि शहरं रडारमध्ये एरवीही पांढरी दिसतात. अंगणात पाणी भरलं की जमिनीऐवजी आरसा आला, कोपरा आणखी चांगला झाला, आणि पुरातलं गाव पूर्वीपेक्षा जास्त उजळ दिसू शकतं. काळं शोधणारी रीत तिथे पाण्यात बुडालेल्या गल्ल्या सरळ सोडून देते. पुराच्या नकाशात गावठाणाभोवती निळं आणि मधे कोरडं बेट दिसलं, तर ते बेट खरं असेलच असं धरू नका.

निसारचं महत्त्व इथे येतं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ ने तो गेला, आणि १५ ऑगस्टला त्याचा बारा मीटर व्यासाचा जाळीचा परावर्तक अंतराळात उलगडला. नासाचं २४ सेंटिमीटर लहरीचं एल-बँड रडार आणि इस्रोचं साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपासचं एस-बँड रडार, दोन्ही एकाच उपग्रहावर. २४ सेंटिमीटरच्या लहरीला उसाचं पान म्हणजे किरकोळ गोष्ट. ती पानांच्या गर्दीतून बरीचशी खाली उतरते, पाण्यावर आपटून पुढे जाते, उभ्या कांडीवर आपटते आणि उपग्रहाकडे परतते. पाणी आणि कांडी मिळून तोच कोपरा. त्यामुळे पाणी भरलेलं उंच पीक एल-बँडमध्ये काळं पडण्याऐवजी उलट उजळायला हवं. ॲमेझॉनच्या जंगलातले बुडालेले भाग जपानच्या जेईआरएस-१ उपग्रहाने १९९० च्या दशकात याच तत्त्वावर ओळखले होते. झाडांच्या माथ्यांखाली मैलोन्‌मैल पाणी, आणि प्रतिमेत ते पांढरं.

उसाच्या बाबतीत हे कितपत जमेल? माझी आशा मोठी आहे, पण सावध. जंगलात खोडं विरळ आणि जाड असतात. उसात कांड्या दाट, पाचट लोंबकळतं, आणि पाणी जितकं चढेल तितकी पाण्यावर उरलेली कांडी आखूड होते, म्हणजे कोपरा लहान होतो. शिवाय सऱ्यांची दिशा उपग्रहाच्या मार्गाला समांतर आहे की आडवी, यावरही एल-बँडमधला उजेड बदलतो. शेजारशेजारचे दोन फड, सारखंच पाणी, पण एकाच्या सऱ्या पूर्व-पश्चिम आणि दुसऱ्याच्या दक्षिणोत्तर, तर आकडे वेगळे येऊ शकतात. हे नातं कुणीतरी शेतात उतरून, पाण्याची उंची मोजून, उसाच्या वयानुसार मांडायला हवं. तुम्ही त्या काठचेच आहात. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी याहून कामाचा विषय मला तरी सुचत नाही.

निसार आला म्हणून वेळेचा प्रश्न सुटत नाही. सेंटिनेल-१ च्या एकेका उपग्रहाप्रमाणे तोही १२ दिवसांनी त्याच मार्गावर परततो. जाता-येतानाच्या दोन्ही फेऱ्या धरल्या तर त्या काळात एका जागेवर दोनदा नजर पडते. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीवर चढायला १२ दिवस लागत नाहीत. पुराचा कळस नेमका दोन फेऱ्यांच्या मधे येऊन गेला, तर प्रतिमेत उतरत्या पाण्याचा विस्तार दिसतो आणि तोच कमाल विस्तार म्हणून छापला जातो. नकाशावरची तारीख आणि वेळ म्हणूनच सगळ्यात आधी वाचा, आणि त्या तासाची पुलावरची पातळी शेजारी लिहा. यावर उपाय एकच, जास्त उपग्रह. आपला रिसॅट-१ एप्रिल २०१२ मध्ये गेला होता, पण २०१९ च्या पुरात तो चालू नव्हता. त्याच जातीचा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. पुढचा ईओएस-०९ मे २०२५ मध्ये पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडामुळे कक्षेत पोचलाच नाही, आणि त्या दिवशी आमच्यातल्या अनेकांना आपलंच काही हरवल्यासारखं वाटलं. युरोपच्या जोडीतला सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला, तेव्हा त्याची जागा घ्यायला सेंटिनेल-१सी यायला डिसेंबर २०२४ उजाडला. मोठ्या आपत्तीत देशोदेशीच्या अंतराळ संस्था एकमेकांना प्रतिमा देतात, तसा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि इस्रो त्यात आहे. पण स्वतःचे उपग्रह असण्याची सर त्याला येत नाही.

तुमच्या नकाशात अजून काही खोटं पाणी असेल, तेही बघून घ्या. राधानगरी, आजरा किंवा कोकणाकडे सरकलात, तर जुलैमध्ये भाताच्या लावणीची खाचरं अगदी पुरासारखी काळी दिसतात. धावपट्ट्या आणि रुंद डांबरी रस्ते काळे. उलट, वादळी वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या की खरं पाणीही उजळतं आणि उणे सतराच्या वर निसटतं. उभी सोडलेली लहर उभीच मोजणाऱ्या व्हीव्ही ध्रुवणात हे जास्त होतं, ती आडवी मोजणाऱ्या व्हीएचमध्ये कमी, म्हणून दोन्ही बघा. आणि सह्याद्री. रडार तिरकं बघत असल्याने डोंगराच्या पलीकडे त्याची सावली पडते, तिथे लहर पोचतच नाही आणि प्रतिमा पाण्यासारखी काळी येते. सेंटिनेल-१ सकाळच्या फेरीत उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडे बघतो. घाटमाथ्याचे कोकणाकडे तुटलेले कडे तेव्हा सावलीत जातात. संध्याकाळच्या फेरीत तो कोकणाच्या बाजूने पूर्वेकडे बघतो, तेव्हा तेच कडे त्याच्यावर झुकल्यासारखे दिसतात आणि पायथा-माथा एकमेकांवर चढतात. कड्याच्या पायथ्याला "पूर" दिसला तर आधी ही दिशा तपासा.

दरडींबद्दल मला फार जपून लिहायचंय, कारण त्यात आशा दाखवणं सोपं आहे. रडार लहरीची नुसती शक्ती मोजत नाही, तिची कलाही मोजतं, म्हणजे परत येताना लहर आपल्या चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर होती ते. एकाच जागेवरून घेतलेल्या दोन तारखांच्या कला वजा केल्या, की मधल्या काळात जमीन उपग्रहाच्या दिशेने किती सरकली ते मिलिमीटर-सेंटिमीटरमध्ये कळतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लँडर्सच्या १९९२ च्या भूकंपानंतर युरोपच्या ईआरएस-१ च्या प्रतिमांतून असा नकाशा निघाला, तेव्हा जग चकित झालं. अशा नकाशात सरकणं इंद्रधनुष्यी पट्ट्यांनी दिसतं; सेंटिनेल-१ मध्ये त्या पट्ट्यांचं एक आवर्तन म्हणजे २.८ सेंटिमीटर सरकणं, निसारच्या एल-बँडमध्ये सुमारे १२. मेक्सिको सिटी भूजल उपशामुळे वर्षाला कित्येक सेंटिमीटर, काही भागांत त्याहून कितीतरी जास्त, खचतंय, ते याच रीतीने गल्लीगल्लीचं मोजलं गेलंय. धरणाच्या भिंती, मेट्रोच्या बोगद्यांवरच्या इमारती, खाणींचे कठडे, हळू सरकणारे हिमालयातले उतार, इथे ही रीत खरोखर उपयोगी आहे.

पण माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गेलं, आणि इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. अतिवृष्टीत उतारावरचा मातीचा थर भिजून, जड होऊन, थोड्या वेळात सुटला. दोन फेऱ्यांच्या मधल्या १२ दिवसांत जे घडतं आणि संपतं, त्याचा इशारा अशा फेरीतून मिळू शकत नाही. त्यात कोकण-सह्याद्रीच्या दाट झाडीत, पावसाळ्यात, सी-बँडच्या दोन प्रतिमांतली कला इतकी विस्कटते की पट्ट्यांऐवजी नुसती मीठ-मिरी मिसळल्यासारखी ठिपकेरांगोळी उरते. एल-बँडमध्ये ती जास्त टिकेल. त्यामुळे एखादा उतार दोन-तीन वर्षं हळूहळू सरकत असेल, भेगा रुंदावत असतील, तर तो आधी हेरून तिथल्या माणसांना हलवण्याचा निर्णय उन्हाळ्यातच घेता येईल. एवढं मी मनापासून मानतो, आणि त्यासाठी काम व्हायला हवं. इरशाळवाडीसारख्या रात्री मोबाइलवर इशारा येईल असं मात्र कुणी सांगत असेल, तर त्यावर त्या वाडीतल्या माणसांनी जीव टांगू नये. तिथे पर्जन्यमापक, उतारावरची पाहणी आणि पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की घरं सोडायची शिस्त, हेच खरं. दरड कोसळल्यानंतर ढगाखालीही ती किती लांब पसरली हे रडार दाखवू शकतं, आणि बचावपथकाला त्याचाही आधार होतो.

आता तुमचा नकाशा दुरुस्त कसा करायचा. प्रतिमा युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्या तुम्ही उतरवल्याच आहेत, आणि स्नॅप हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. पुराची आणि आधीची अशा दोन्ही प्रतिमा त्याच मार्गावरच्या, त्याच दिशेच्या घ्या, नाहीतर कोनातल्या फरकालाच तुम्ही पूर समजाल. मोजमापाची दुरुस्ती, ठिपक्यांची गाळणी, भूरूपाची दुरुस्ती हा क्रम सोडू नका. मग उसाचं क्षेत्र वेगळं काढा. फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र दिवसांतल्या सेंटिनेल-२ च्या साध्या प्रकाशप्रतिमांत तुटलेला आणि उभा ऊस बऱ्यापैकी ओळखता येतो, त्यात तुमची स्वतःची माहिती मिसळा.

त्या उसाच्या पट्टीत पाणी कुठवर होतं हे रडारला विचारू नका, काठाला विचारा. फडाच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या रानात रडारने पाण्याची कड जिथे दाखवली असेल, तिथली जमिनीची उंची काढा. दोन्हीकडे ती जवळजवळ सारखी आली, तर मधला फड त्या उंचीच्या खाली असताना कोरडा राहणं शक्यच नाही, मधे बांध किंवा रस्त्याचा भराव नसेल तर. फक्त उंचीचा नकाशा निवडताना पुन्हा उसाचीच एक खोच आहे. कोपर्निकसचा ३० मीटरचा उंची-नमुना जर्मनीच्या टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या २०११ ते २०१५ च्या मोजणीतून आला आहे, आणि ते एक्स-बँड रडार आहे. मोजणीच्या दिवशी रानात आडसाली उभा असेल, तर त्या नकाशातली "जमीन" म्हणजे उसाचे शेंडे. तुमची मळी तिथे दोन-अडीच मीटर उंच दिसेल आणि दुसऱ्यांदा कोरडी ठरेल. मिळाल्या तर जलसंपदा खात्याच्या पूररेषेच्या नकाशांतल्या मोजलेल्या उंच्या वापरा, नाहीतर गावातल्या दहा-बारा ठिकाणी स्वतः लेव्हल लावून घ्या.

आणि पुढच्या वेळी पाणी उतरलं, की आठ दिवसांच्या आत फडात शिरा. कांडीवरच्या गाळाच्या रेघेला जमिनीपासून टेप लावा, टेपेसकट फोटो काढा, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश नोंदवा, उसाचा प्रकार आणि सऱ्यांची दिशा लिहा. उशीर करू नका. दोन चांगल्या सरी पडून गेल्या की ती रेघ धुऊन जाते.